कुंकू कुठं लावायचं?

संपादकांनी फोनवर सांगितलं, 'तुमच्या कलाप्रवासाबद्दल लिहा. आधुनिक चित्रकलेकडे कसे वळलात, प्रेरणा, संघर्ष वगैरे.' मी हो म्हणालो. मग चहा घेत विचार करायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की प्रवास असा फारसा झालेलाच नाही. रहिमतपूरला जन्मलो, मुंबईला चित्रकला शिकलो, सांगलीला आलो आणि सांगलीतच राहिलो. प्रेरणा म्हणाल तर पोट. संघर्ष लोकांनी केला, माझी चित्रं बघताना. तेव्हा मी आपला एका कोटाबद्दल लिहितो.

माझी ओळख दोन प्रकारची आहे. पुण्या-मुंबईतले चित्रांबद्दल लिहिणारे लोक मला 'चेहऱ्याला नकार देणारा चित्रकार' म्हणतात. माझ्या चित्रांत रंगाचे मोठे पट्टे असतात, माणूस असतो पण त्याला तोंड नसतं. याच विषयावर मी एक पुस्तकही लिहिलं. चेहरा हा खोटं बोलतो, म्हणून चित्रकाराने त्याच्या नादी लागू नये, असं त्याचं सार. सांगलीत मात्र मला 'मयताचे फोटो करणारे पेंटर' म्हणून ओळखतात. ही ओळख जास्त लोकांना आहे, आणि पुस्तक न वाचता पटण्यासारखी आहे.

मुंबईहून परत आलो ते वडील आजारी पडले म्हणून. नोकरी मिळाली एका फोटो स्टुडिओत. मालकांना सगळे नाना म्हणत. माझं काम फिनिशिंगचं. हल्ली हे काम संगणकावर होतं, म्हणून जरा समजावून सांगतो. घरात माणूस गेलं की भिंतीवर लावायला त्याचा मोठा फोटो लागतो. पण तेव्हा माणसं जिवंतपणी फोटो काढून घेत नसत. मग कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन लोक यायचे आणि मागच्या रांगेतल्या एका डोक्यावर नख ठेवून म्हणायचे, 'हे आमचे दादा.' ते डोकं हरभऱ्याच्या डाळीएवढं असायचं. ते मोठं केलं की नुसता धुरळा दिसायचा. त्या धुरळ्यात ब्रशने नाक, डोळे, मिशा बसवायच्या, हे फिनिशिंग.

मानेखालचं काम सोपं होतं. बाईला काठपदराची साडी, पुरुषाला कोट. कोट नानांचा होता, स्टुडिओत खुंटीला टांगलेला. मी तो इतक्यांदा काढला, की शेवटी न बघता काढत असे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतली पुष्कळ माणसं जन्मभर कोट न घालता गेली आणि गेल्यावर माझ्या कोटात भिंतीवर बसली. कुणाच्या घरी चहाला गेलो की मी आधी भिंत बघतो. डाव्या बाजूची कॉलर किंचित वर आलेली असली तर काम माझं. नानांच्या कोटाची तशीच होती.

या धंद्यात सही करायची नाही, हा नियम. 'मयताच्या अंगावर आपलं नाव घालू नये,' असं नाना म्हणायचे. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. फोटोत जे दिसत नाही ते मनानं काढायचं नाही, पोरांकडून घ्यायचं. बापाचे डोळे मिटलेले असतील तर थोरल्या मुलाला स्टुलावर बसवायचं आणि त्याचे डोळे बापाला लावायचे. हनुवटी अंधारात गेली असेल तर मुलीची घ्यायची. नाना म्हणायचे, 'घरातलं घरात असावं. बाहेरचं नाक आणलंस तर घर ओळखतं.' मी मुंबईला शिकून आलेला असल्यामुळे मला हे सगळं अडाणीपणाचं वाटायचं. पण जमायचं छान.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंकच भरेल. एकदा तासगावकडचा एक मुलगा आपल्या पैलवान वडिलांचा फोटो घेऊन आला. आयुष्यभर कुस्त्या केल्यामुळे पैलवानाचे कान मोडून भज्यासारखे झाले होते. मुलाची सोयरीक शहरात चालली होती. तो म्हणाला, 'कान जरा सरळ करा.' मी केले. आठवड्याने तालमीतली माणसं फोटो घेऊन दारात उभी. त्यातला पुढचा म्हणाला, 'पेंटर, ह्यो कोन वाणी बसवलाय? आमचा वस्ताद कुठं हाय?' मी कान पुन्हा मोडले. सरळ करण्यापेक्षा मोडायला वेळ जास्त लागला.

शिरवळचे दोन भाऊ वाटण्या झाल्यावर आले. आईवडिलांचा एकच फोटो होता, दोघं खुर्च्यांवर बसलेले. थोरल्याला वडील हवे होते, धाकट्याला आई. मधोमध थोरला स्वतः लहानपणीचा उभा होता, एक हात आईच्या गुडघ्यावर, एक बापाच्या. मी धाकट्याला विचारलं, 'आईच्या गुडघ्यावरचा हात काढून टाकू का?' तो फोटोवर वाकला. मग म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या. लहान हाय त्यो.' त्या घरात अजून ती आई आहे, गुडघ्यावर एक सुटा हात घेऊन.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावातून ज्ञानोबा नावाचा शेतकरी आला. तिशीतला, डोक्यावर पटका, कडेवर चारेक वर्षांची मुलगी. बायको तापाने गेली होती. नानांनी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, 'फोटो?'

'फोटो न्हाई,' ज्ञानोबा म्हणाला. 'त्योच तर करायचाय.'

'अरे, कशावरनं करायचा?'

ज्ञानोबाने पिशवीतून एक इरकली लुगडं काढून टेबलावर ठेवलं. काळ्यावर जाणारा निळा रंग, तांबडा टोपपदर. 'ह्ये तिचं. लगीन ह्यातच झालं.'

नानांनी मला बोलावलं. मी विचारलं, 'तोंड कसं होतं? गोल, उभट? नाक कसं होतं?'

ज्ञानोबाने खाली बघितलं. 'आता कसं सांगू? घरात आई-बा. दिवसा तिचा पदर नाकाच्या खाली आलेला. रानात माज्या म्होरं वाकून खुरपायची, तवा पाठ दिसायची. राच्याला दिवा न्हाई.' मग म्हणाला, 'आवाज सांगू काय?'

मी पंचविशीत होतो आणि मला प्रत्येक गोष्टीवर मत होतं. या माणसाला बायकोचं तोंड सांगता येत नाही, म्हणून मला त्याचा राग आला. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. लुगड्याची घडी मोडू नये म्हणून तो दोन्ही हात त्याच्यावर ठेवून उभा होता. राग गेला, आणि दुसरं काहीतरी आलं, ते अजून गेलेलं नाही.

नाना म्हणाले, 'पोरगी आहे ना? बसव तिला स्टुलावर.'

'गावात बाया तेच म्हंत्यात,' ज्ञानोबा म्हणाला. 'पोरीच्या तोंडावर आईच बसलीया.'

मुलीचं नाव सुभद्रा. नानांनी तिला पेपरमिंटची गोळी दिली आणि ती स्टुलावर बसून गोळी चघळत माझ्याकडे टक लावून बघत राहिली. मी तिचं तोंड कागदावर उतरवलं. पण इथं मोठा करायला धुरळासुद्धा नव्हता. म्हणून मी माझा स्वतःचा कॅनव्हास घेतला आणि कोळशाने त्या मुलीला बाई करायला लागलो. गाल उतरवले, डोळ्यांखाली सावली घातली, कपाळ रुंद केलं. तोंड झालं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण मला ते बघवेना. नवऱ्याने न बघितलेलं तोंड मी कोण काढणार, असं वाटलं. शेवटी मी लुगडं समोर ठेवलं आणि त्याचा निळा-काळा रंग वरपासून खालपर्यंत त्या तोंडावर ओढला. वर टोपपदराचा तांबडा पट्टा, खाली त्यांच्याकडच्या कोरड्या रानाचा पिवळा. जे ज्ञानोबाने बघितलं होतं तेवढंच ठेवलं.

नाना म्हणाले, 'हे गिऱ्हाइकाला दाखवू नकोस.' पण तोवर ठरल्या दिवशी ज्ञानोबा दारात आलाच होता. तो मुलीला कडेवर घेऊन चित्रासमोर उभा राहिला. मग त्याने विचारलं, 'तोंड पदराखाली हाय व्हय?'

'होय,' मी म्हणालो. ते खरंच होतं.

'बराबर. थोरल्या माणसांत ती आशीच बसायची.' मग त्याने मान तिरकी करून पुन्हा बघितलं. 'पन पेंटर, कुंकू कुठं लावायचं? आहेव गेली ती. सनावाराला कुंकू तर लावाय पायजे.'

आमच्याकडे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला अहेव गेली म्हणतात. तिचं कुंकू कायमचं. मुंबईच्या कला महाविद्यालयात हा प्रश्न कुणी घातला नव्हता. मी म्हणालो, 'कुठंही लावा.'

त्याने मान डोलावली आणि चित्र घोंगडीत गुंडाळून घेऊन गेला.

माझं चेहरा नसलेलं पहिलं चित्र ते. त्यानंतर स्वतःसाठी मी दुसऱ्या प्रकारची काढलीच नाहीत. दिवसा नानांकडे लोकांना तोंडं लावायची आणि घरी येऊन तोंडं काढून टाकायची, असं आयुष्य गेलं. सांगलीत एकदा प्रदर्शन केलं तेव्हा एका सद्‌गृहस्थांनी सगळी चित्रं लक्षपूर्वक बघून विचारलं, 'पूर्ण झाल्यावर यांचं काय होणार आहे?' पुढे पुस्तक लिहिलं. नाना ते उशाशी ठेवायचे. वाचलं का विचारलं की म्हणायचे, 'झोप चांगली लागते.' नाना गेले, तेव्हा त्यांच्या फोटोचं फिनिशिंग मीच केलं. कोट त्यांना त्यांचाच घातला.

माझी खोली कृष्णेच्या काठाजवळ, तळमजल्यावर. महापूर आला तेव्हा मला होडीतून बाहेर काढलं. चित्रं आतच राहिली. पाणी उतरल्यावर दार उघडलं, तर तरुणपणातली सगळी चित्रं एका रंगाची झाली होती, गाळाच्या. माझ्या पुस्तकाचे गठ्ठेही तिथेच होते. पहिली आवृत्ती संपली ती अशी. लोक समाचाराला आले तेव्हा मी हाच विनोद प्रत्येकाला सांगितला. पण त्या चिखलात उभं राहून मी रडलो होतो, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी पुण्याहून केतकी नावाची एक तरुण अभ्यासक आली. तिला माझ्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवायचं होतं. ती हुशार आहे, आणि माझं पुस्तक तिने खरोखरच वाचलेलं होतं, त्यामुळे मला तिची थोडी भीती वाटते. ती म्हणाली, 'सर, पहिली खोली तुमच्या सुरुवातीच्या कामाची. चेहऱ्याला नकार कुठे सुरू झाला, ते दिसायला हवं.' मी म्हणालो, 'पहिली खोली नदीत आहे.' मग ज्ञानोबाच्या चित्राची आठवण झाली.

आम्ही गाडी करून गेलो. गाव ओळखू आलं नाही. जिथे कुसळं उगवायची तिथे आता द्राक्षांचे मांडव आणि बेदाण्याच्या शेड. ज्ञानोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याने दुसरं लग्न केलं नाही. सुभद्राला नवरा घरजावई आणला होता, म्हणून ती त्याच घरात होती. पन्नाशी उलटलेली बाई, अंगाने वाळलेली, कपाळावर हिरवं गोंदण आणि बाकी कपाळ मोकळं. तिचा नवरा अलीकडेच गेला होता. मी नाव सांगितलं, तशी ती म्हणाली, 'गोळी देनारं पेंटर?'

'गोळी नानांनी दिली होती,' मी म्हणालो. खोटं श्रेय घेऊ नये.

बाहेरच्या सोप्यात, आत जायच्या दारावर चित्र होतं. मी जवळ गेलो. निळा रंग जुना होऊन फार सुंदर झाला होता. पण डाव्या बाजूला, पार खाली, रुपयापेक्षा मोठा कुंकवाचा थर होता. वर्षानुवर्षं एकावर एक बसून जाड झालेला, तेलाचे ओघळ गेलेले. चित्राचा तोलच गेला होता. माझ्या हातचं तरुणपणातलं एकच चित्र जगात उरलं होतं आणि तेही बिघडलं होतं. हे मी स्पष्ट लिहितो, कारण तेव्हा मला तसंच वाटलं.

'कुंकू इतकं खाली का?' मी विचारलं.

सुभद्राबाई हसल्या. 'तुमीच सांगितलासा की, कुठंबी लावा म्हनून. आप्पा मला खांद्यावर घ्यायचं आनि म्हनायचं, लाव आईला. माजा हात तितवरच जायचा. मंग मोठी झाल्यावरबी तीच जागा ठेवली. आता मालक गेल्यापास्नं सून लावती. मी लावत न्हाई. जागा तेवडी दावती.'

सून दारात उभी होती. तिने सासूकडे बघितलं.

केतकीने सगळं नीट समजावून सांगितलं. चित्र पुण्याला नेऊ, विमा उतरवू, तज्ज्ञ माणसाकडून स्वच्छ करून घेऊ, प्रदर्शन झालं की परत आणून देऊ. स्वच्छ म्हणजे काय, असं सुभद्राबाईंनी विचारलं. केतकीने कुंकवाकडे बोट केलं.

'आवं, आई आहेव गेलीया,' सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. 'तिचं कुंकू तुमी पुसनार?'

केतकी माझ्याकडे बघायला लागली. कुंकू पुसलं जावं असं मला मनापासून वाटत होतं. पण सुभद्राबाईंच्या मोकळ्या कपाळाकडे बघून ते बोलायची हिंमत झाली नाही. 'कुंकू राहील,' मी म्हणालो.

बोलणी तिथेच संपली असती, पण केतकी उत्साही आहे. तिने सांगितलं, की पुण्यात आता असा कॅमेरा आहे, ज्याने रंगाच्या खाली आधी काय काढलं होतं तेही दिसतं. सुभद्राबाई एकदम सरळ बसल्या.

'पदराखालचं दिसंल?'

'खाली काही असेल तर दिसेल,' केतकी म्हणाली. 'पण सर चेहरे काढत नाहीत.'

'आसं कसं? आप्पांनी इचारलं हुतं ह्यास्नी. तोंड पदराखाली हाय म्हनून सांगितलं ह्यांनी.' मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'व्हय न्हवं?'

'होय,' मी पुन्हा म्हणालो.

'मंग न्या. आईचं तोंड बगाय मिळंल मला.'

परतीच्या वाटेवर मी खिडकीबाहेरचे मांडव बघत होतो. केतकीला वाटलं, मला चित्राचं वाईट वाटतंय. ते होतंच. शिवाय चेहऱ्याला नकार देणाऱ्याच्या पहिल्याच चित्रात एक चांगला रेखीव चेहरा निघणार होता, तेही होतं. पण हे झेपण्यासारखं होतं. या वयात अब्रू ही वापरात नसलेल्या कोटासारखी असते, खुंटीला राहिली तरी चालतं. खरी भीती वेगळीच होती. त्या बाईने जन्मभर आईचं तोंड बघायची वाट बघितली होती, आणि पदर बाजूला झाला की आत तीच निघणार होती, चार वर्षांची, गोळी चघळणारी, मी माझ्या अंदाजाने बाई केलेली.

प्रदर्शन पितृपंधरवड्यात ठरलं, कारण त्या दिवसांत शुभकार्यं होत नाहीत आणि हॉल मिळतो. चित्र लावायच्या आधी केतकीचा फोन आला. 'सर,' ती म्हणाली, 'आत कोणीतरी आहे.'

'असेल,' मी म्हणालो.

'बाई आहे. तुमच्या पुस्तकात तर...'

'पुस्तक नंतरचं आहे,' मी म्हणालो.

मग तिने सांगितलं, की तो आतला फोटो मोठा करून चित्राशेजारी लावायला हवा. मी म्हणालो, आधी सुभद्राबाईंना दाखव. त्या नवमीला येणार होत्या. पितृपंधरवड्यातली नवमी ही अहेव गेलेल्या बायकांची. त्या दिवशी आईला कुंकू चुकवायचं नाही, म्हणून सुभद्राबाई सुनेला घेऊन पहाटेच्या गाडीने निघाल्या होत्या.

त्या आल्या तेव्हा सुनेच्या हातात कुंकवाचा करंडा होता आणि केतकीच्या कपाळावर घाम. कारण हॉलचा नियम असा, की चित्राला कुणी बोट लावायचं नाही, आणि तशी पाटीच भिंतीवर होती. केतकी माझ्या कानात म्हणाली, 'सर, ह्यांना कसं सांगायचं?' मी म्हणालो, 'आधी फोटो दाखव.'

तिने फोटो टेबलावर ठेवला. पुसट करडा, कोळशाची रेघ स्पष्ट. सुभद्राबाईंनी चष्मा लावला. मी भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

त्या इतका वेळ बघत राहिल्या, की सुनेने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

'ही मी हाय,' त्या म्हणाल्या.

मी जवळ जाऊन म्हणालो, 'होय. तुमच्यावरनंच काढलं होतं. तुमच्या आईचा फोटो नव्हता. तुमच्या वडिलांनाही तोंड सांगता येईना. आमच्या धंद्यात नियम होता, जे माणसाचं दिसत नाही ते त्याच्या पोरांकडून घ्यायचं. घरातलं घरात. म्हणून तुम्हाला स्टुलावर बसवलं.'

'मंग आई न्हाईच ह्यात.'

'गावातल्या बायका म्हणत होत्या, पोरीच्या तोंडावर आईच बसलीय. तुमच्या वडिलांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मी तेवढंच घेतलं.'

'म्हनायच्या,' त्या म्हणाल्या. 'मलाबी म्हनायच्या. आरशात लय बगायचे मी. कवाच गावली न्हाई.' त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं, गालावरून, उतरलेल्या डोळ्यांवरून. मी पंचविशीत अंदाजाने घातलेली सावली तिथे होती, आणि त्यांच्या डोळ्यांखाली तीच, आता खरी. 'तवा गावंल कशी? तवा मी ल्हान हुते. आता मी आईयेवडी झाले. न्हाई, जास्तच झाले.'

मग त्यांना कुंकवाची आठवण झाली. त्यांनी फोटो चित्राशेजारी धरून जागा मोजली आणि त्यांना हसू फुटलं. 'आगं, आमी इतकी वर्सं खांद्यालाच कुंकू लावतोय. कपाळ तर हितं वर हाय.'

सून करंडा उघडून तयार होती. तिने एकदा पाटीकडे बघितलं, एकदा केतकीकडे आणि शेवटी माझ्याकडे. 'पेंटरकाका,' तिने विचारलं, 'मंग आता कुंकू कुठं लावायचं?'

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला जात होता. मधल्या काळात मी एक पुस्तक लिहिलं होतं, तरी उत्तर आलं नाही.

सुभद्राबाईंनी सुनेच्या हातातून करंडा घेतला. नवरा गेल्यापासून त्यांनी कुंकवाला बोट लावलं नव्हतं. आता चिमूट घेतली, फोटोकडे बघितलं, आणि आपल्या कपाळावर, गोंदणाच्या वर, ठसठशीत टेकवलं.

'आत्याबाई,' सून दचकून म्हणाली.

'आई आहेव गेलीया,' त्या म्हणाल्या. 'तिचं कपाळ रिकामं कशापाय ठेवायचं?'

मला रडू आलं. केतकीलाही आलं. सुनेने पुढे होऊन सासूच्या नाकावर सांडलेलं कुंकू पदराने टिपलं, कपाळावरचं तसंच ठेवलं.

मागे पाटी होती, चित्रांना हात लावू नये. त्यांनी लावला नव्हता.